मिस्त्री ‘उद्या येतो’ म्हणते, मंग तो उद्या येते कधी?

नागपूरच्या मानेवाड्याहून एका ताईंचं पत्र आलं. चांगलं चार पानी, आणि शेवटच्या पानावर अक्षर इतकं घाईघाईचं की वाचताना माझाच जीव वर आला. थोडक्यात सांगते. घर २२ वर्षं जुनं, दोन बाथरूम आणि किचन नवीन करायला काढलं, मजुरीचा ठेका २ लाख ४० हजारांत ठरला, सामान ह्यांनीच आणून द्यायचं. अक्षय तृतीयेला काम सुरू झालं, मिस्त्री म्हणाला महिनाभरात देतो करून, आता जुलै लागला. आतापर्यंत १ लाख ९० हजार दिले. एक बाथरूम झालं पण त्याच्या मागच्या बेडरूमच्या भिंतीला ओल येऊन राहिली, दुसरं फोडून ठेवलेलं आहे, किचनचा ओटा तोडून टाकला आणि गेले ११ दिवस मिस्त्रीचा पत्ता नाही. फोन उचलला तर ‘उद्या येतो ताई, पक्का’. ओलीचं विचारलं तर प्लंबर म्हणते टाइल्सवाल्यानं पाइप फोडला, टाइल्सवाला म्हणते प्लंबरनं जॉइंट कच्चा मारला. ताई हॉलमध्ये सोफ्यापुढं पाट टाकून इंडक्शनवर स्वयंपाक करतात. मुलीला सातवा महिना आहे, पहिलं बाळंतपण, ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात ती माहेरी येणार. आणि मिस्टर म्हणतात जाऊ दे, गरीब माणूस आहे, येईल. ताईंनी विचारलंय, ‘मी भांडू, का दुसरा मिस्त्री लावू, का पोलिसात जाऊ?’

ताई, यातलं काहीच आज करू नका. आधी कागद-पेन घ्या आणि हिशोब मांडा, कारण तुमच्या चार पानांत राग भरपूर आहे पण हिशोब एका ओळीतच उरकला, आणि सगळं दुखणं त्या एका ओळीत आहे.

तुम्हीच लिहिलं त्यावरून पाहा, काम झालंय अर्धं. थोडं इकडेतिकडे होईल पण अर्धंच. म्हणजे १ लाख २० हजारांचं. तुम्ही दिले १ लाख ९०. आता मिस्त्रीच्या जागी बसून विचार करा, त्याला अजून १ लाख २० हजारांचं काम करायचंय आणि तुमच्याकडून मिळायचे आहेत फक्त ५० हजार. तो कशाला येईल हो? जिथं आज सकाळी नवीन ॲडव्हान्स मिळते तिथं जाईल. तो फार वाईट माणूस आहे असं नाही, तुम्हीच त्याला यायचं कारण ठेवलं नाही. दर वेळी ‘ताई, मजुरांचा चुकारा करायचा आहे’ म्हणून आला आणि तुम्ही दिले, मी पण दिले असते, दारात उभ्या माणसाला नाही म्हणवत नाही आपल्याला. पण पैसा कामाच्या पुढं पळाला ना की माणूस मागं राहते, हे आमच्या घरी मी पुरतं भोगलंय.

माझंच सांगते. पाच वर्षांपूर्वी आमच्या प्रतापनगरच्या घरचं बाथरूम काढलं होतं, भर मे महिन्यात, म्हणजे अक्कलच नव्हती. आठवडाभरानं मिस्त्री गायब. फोनवर म्हणे, बालाघाटला आलो, साळ्याचं लग्न आहे. मी म्हटलं बरं बाप्पा, लग्न तर लग्न. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी भाजी घेऊन येताना मागच्या गल्लीत एक बांधकाम चालू दिसलं आणि फाटकाजवळ रेतीच्या ढिगावर लेव्हलची नळी पडलेली, ती पारदर्शक प्लास्टिकची असते ना पाणी भरून दोन टोकांना लेव्हल पाहतात, तीच. तिच्या एका टोकाला लाल फुलांची चिंधी बांधलेली. ती चिंधी माझ्या जुन्या परकराची होती, मीच दिली होती त्याला फाडून. मी तिथंच थांबले, वर पाहिलं तर साहेब परातीत मसाला कालवून राहिले. मला पाहून अजिबात दचकला नाही, म्हणे, ‘अजी मॅडम, तुमच्याकडेच निघालो होतो!’

हातात वांगी-कोथिंबिरीची पिशवी, पायाखाली ४५ डिग्रीचं ऊन दिवसभर खाऊन तापलेली गल्ली, खरं तर मी तिथंच फुटायला पाहिजे होतं. पण इतकी थकले होते की विटांच्या ठप्पीवर बसले आणि म्हटलं, भाऊ, खरं काय ते सांगा. मंग त्यानं सांगितलं. ह्या घरवाल्याकडून होळीला ॲडव्हान्स घेतला होता, तो त्याच्या आधीच्या साइटचे मजुरांचे पैसे चुकवण्यात गेला. माझ्याकडून घेतला तो ह्या घराच्या मजुरांत गेला. आणि माझं काम पुरं करायला तो चौथ्या कोणाकडून घेणार होता. चार घरं, मजुरांची एकच टोळी, एकाचा पैसा दुसऱ्याला. ‘उद्या येतो’ म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं, तो येणार असते म्हणून म्हणत नाही, तुम्ही दुसरा माणूस लावू नये म्हणून म्हणते. बसच्या सीटवर रुमाल टाकून ठेवतात ना, तसं. मारबतीच्या मिरवणुकीत आपल्याकडं इतके बडगे, म्हणजे पुतळे, निघतात, महागाईचे, भ्रष्टाचाराचे, एकदा कोणीतरी ‘उद्या येतो’चा बडगा काढा बा, अर्धं नागपूर मागं चालेल ‘घेऊन जा गे मारबत’ करत.

त्यात महिना कोणता ते पण पाहा. आषाढ लागला, पाऊस झाला की भंडारा-गोंदियाकडचे, बालाघाट-छत्तीसगडचे मजूर रोवणीला गावाला जातात. ते जाणारच, घरचं धान आहे, त्यांना नाव ठेवता येत नाही. मजुरांच्या ठिय्यावर सकाळी आठला जाऊन पाहा, एप्रिलमध्ये जितके लोक उभे असतात त्याच्या अर्धे पण आता दिसणार नाहीत. पावसाळ्यात नदीतून रेती काढायला बंदी असते, त्यामुळं कन्हानची रेती महाग होते आणि ओली मिळते. म्हणजे तुमच्या मिस्त्रीचं सगळंच खोटं आहे असं समजू नका, पण त्यानं अक्षय तृतीयेला महिनाभरात देतो म्हटलं तेव्हा रोवणी कधी येते हे त्याला तुमच्यापेक्षा चांगलं माहीत होतं, ते पण खरं.

आता ओलीचं. हे सगळ्यात आधी, मिस्त्रीच्याही आधी, कारण प्लंबर आणि टाइल्सवाला एकमेकांकडं बोट दाखवत राहतील आणि भिंत भिजत राहील. कोण खरं बोलते ते तुम्हाला घरबसल्या पाहता येते, फुकटात.

रात्री सगळे झोपायच्या वेळी वरच्या टाकीत येणारं पाणी बंद करा, मोटर लावू नका. घरातला एकूणएक नळ बंद, फ्लशच्या टाकीचा खालचा कॉक बंद, वॉशिंग मशीनचा बंद, आणि कुलरमध्ये पाणी भरायची पाइप टाकीवरून घेतली असेल तर ती पण बंद, ती हमखास विसरते. मग वर जाऊन टाकीच्या आतून पाण्याच्या पातळीवर खडूनं नाही, खडू धुऊन जाते, चिकटपट्टी लावून खूण करा. मुलगा तर पुण्याला, मिस्टरांना चढवू नका पावसात, शेजारच्या कोणाला सांगा. सकाळी कोणी तोंड धुवायच्या आधी पाहा. पाणी खाली उतरलं असेल तर गळती पाण्याच्या लाइनमध्ये आहे, म्हणजे भिंतीतल्या पाइपमध्ये किंवा जॉइंटमध्ये. तसूभरही उतरलं नसेल तर लाइन चांगली आहे आणि पाणी सांडपाण्याच्या बाजूनं झिरपते.

लाइन चांगली निघाली तर दुसरी परीक्षा. नहाणीच्या जाळीत कपड्याचा बोळा घट्ट कोंबा, दाराशी ओल्या टॉवेलची गुंडाळी लावा आणि बाथरूममध्ये इंचभर पाणी भरून एक दिवस-रात्र तसंच ठेवा. तिकडं आंघोळ नाही, काही नाही. भिंतीची ओल वाढली तर वॉटरप्रूफिंग नीट झालं नाही, बहुतेक कोपऱ्यात, जिथं जमीन आणि भिंत मिळते तिथं. वाढली नाही, पण नंतर बोळा काढून पाणी सोडल्यावर वाढली, तर आउटलेटचा जॉइंट. ह्यात प्लंबर कुठं, टाइल्सवाला कुठं, आपोआप वेगळे होतात, आणि तुम्हाला कोणाचं बोलणं ऐकायचं कामच नाही. दोन्ही परीक्षांचे फोटो काढा, तारखेसकट.

आणि अजून एक, हसू नका. भिंतीवर आरसा, टॉवेलची दांडी, गिझरचं स्टँड बसवायला ड्रिल कोणी मारलं ते आठवा. आमच्याकडं प्लंबर-टाइल्सवाल्याचं तीन दिवस वाजलं, शेवटी चोर निघाला तिसराच, आरसा लावणारा पोरगा. त्यानं पाइपमध्येच स्क्रू ठोकला होता आणि स्क्रूनंच भोक बुजल्यासारखं झालं म्हणून पाणी थेंबथेंब येत होतं, धार नाही. त्याला तरी कसं कळणार बिचाऱ्याला भिंतीत पाइप कुठून गेला. म्हणून तुमचं दुसरं बाथरूम जे उघडं पडलंय ना, ते आता उघडं आहे तर टाइल्स लागायच्या आधी चारी भिंतींचे फोटो काढून ठेवा, पाइपशेजारी मोजायची टेप धरून, जमिनीपासून किती आणि कोपऱ्यापासून किती ते दिसलं पाहिजे. पाइप बुजवायच्या आधी प्लंबरला पंप लावून प्रेशर टेस्ट करायला सांगा, ‘काही गरज नाही ताई, मी वीस वर्षं करून राहिलो’ म्हणेल, म्हणू द्या. गिझरची वायर ४ एमएमची आहे का आणि मेन बोर्डावर शॉक लागला तर आपोआप पडणारा स्विच, ३० मिलीअँपियरचा, आहे का ते पण विचारा. घरात बाळंतीण येणार, तिच्या अंघोळीला दिवसभर गिझर चालेल.

आता तुम्हाला थोडं लागेल असं बोलते. पत्रात मधेच एका कोपऱ्यात तुम्ही लिहिलंय की टाइल्स दोनदा बदलल्या, आणि पुण्याहून मुलगा इन्स्टाग्रामवरचे फोटो मिस्त्रीला डायरेक्ट पाठवते, आणि मिस्टर सकाळी चहा देताना त्याला वेगळंच सांगतात, आणि दीर ‘माझ्या ओळखीचा सुतार आहे’ म्हणून घेऊन आले. ताई, एका मिस्त्रीला चार मालक! तो मग ज्याचं ऐकणं सोपं पडते त्याचं ऐकते आणि चुकलं की ‘साहेब म्हणाले होते’ म्हणते. टाइल्स बदलल्यावर त्याचे जे चार-पाच दिवस गेले त्याचे पैसे कोणी दिले? तुम्ही लिहिलं नाही म्हणजे कोणी दिले नसतील. ते त्याच्या मनात आहे, तोंडावर बोलणार नाही, पण ११ दिवसांत त्यातले काही दिवस त्यानं वसूल केले असं धरा. हे मान्य करून टाका, हिशोबात लिहा. राग धरून ठेवून काही होत नाही.

मग करायचं काय. आजपासून मिस्त्रीशी एकच माणूस बोलेल, तुम्ही. मुलाला सांगा फोटो मला पाठव. मिस्टरांना सांगा चहा द्या, गप्पा मारा, पण काम सांगू नका, आणि मुख्य म्हणजे पैसे देऊ नका. ‘गरीब माणूस आहे’ हे त्यांचं म्हणणं खोटं नाही, मात्र तुमचे ७० हजार जास्तीचे ज्याच्याकडं आहेत तो आणि उन्हात परात उचलणारी बाई, दोघांची गरिबी एक नाही. दया करायची तर त्या बाईवर करा, दुपारी डब्यासोबत तिला ताक द्या.

दुसरं, मुलगी यायच्या आत सगळं होणार नाही. हे मान्य करा म्हणजे अर्धी झोप येईल. ऑगस्टपर्यंत तुम्हाला तीन गोष्टी पाहिजेत, एक चालू किचन, एक बिनओलीचं बाथरूम आणि धूळ-रंग बंद झालेलं घर. बस्स. दुसरं बाथरूम आहे तसं राहू द्या, दार लावून घ्या, त्याच्या टाइल्सचे डबे मोजून पलंगाखाली टाका (डब्यांवरचा शेडचा आणि लॉटचा नंबर सारखा आहे का पाहून ठेवा, नंतर कमी पडल्या तर तोच लॉट मिळेलच असं नाही आणि भिंतीवर दोन रंग दिसतात). ओटा, त्याच्या मागच्या टाइल्स, सिंक आणि नळ, माणसं रोज आली तर आठ-दहा दिवसांचं काम आहे. ऑइल पेंट मात्र आता अजिबात नको, तो वास महिनाभर जात नाही आणि ओल्या भिंतीवर पुट्टी मारली तर पोळा फुटायच्या आत पापुद्रे निघतील.

मग मिस्त्रीला फोन. फोनवर भांडायचं नाही, ११ दिवसांचं काढायचं नाही. म्हणायचं, ‘भाऊ, हिशोब करायचा आहे, या.’ हिशोब शब्द ऐकून येतात, त्यांना वाटते पैसे मिळणार. आला की बसवा, कागद पुढं ठेवा, झालेलं काम, दिलेले पैसे, टाइल्सचे वाया गेलेले दिवस, सगळं. त्याला पण वाचून दाखवा, आणि म्हणा की दुसरं बाथरूम ठेक्यातून काढलं, फक्त किचन आणि ही ओल पुरी करून द्या. म्हणजे त्याच्या डोक्यावरचं ओझं पण कमी होते आणि तुमचा जास्तीचा पैसा बराचसा त्यात जिरते. पुढचे पैसे दर शनिवारी, आठवड्यात जितकं झालं तितकेच, त्याच्यासमोर, यूपीआयनंच. शेवटचे १५ हजार हातात ठेवा, ओटा वापरून आणि भिंत वाळून पंधरा दिवस झाले की द्यायचे. तोच कागद त्याला व्हॉट्सॲपवर पाठवा आणि त्याचा ‘ओके’ येऊ द्या. सहीला घाबरतात, ओकेला घाबरत नाहीत.

नाही आला, किंवा आला आणि दोन दिवसांत परत पळाला, तर तारीख टाकून मेसेज करा की अमुक तारखेपर्यंत काम सुरू केलं नाही तर मी दुसऱ्याकडून करून घेईन. ती तारीख गेली की खुशाल दुसरा लावा, पण त्यानं हात लावायच्या आधी आहे त्या स्थितीचा पूर्ण व्हिडिओ काढा, नाहीतर पहिला म्हणेल सगळं दुसऱ्यानं बिघडवलं. दुसरा मिस्त्री आल्याआल्या पहिल्याच्या कामाला नावं ठेवेल, ‘कोणी केलं हो हे’ म्हणेल, ते मनावर घेऊ नका, प्रत्येक मिस्त्री म्हणतोच, माझ्या मेहुण्यानं आपल्या स्वतःच्याच जुन्या मिस्त्रीला तीन वर्षांनी परत बोलावलं तर तो पण म्हणाला होता. दुसऱ्याला शोधताना ज्या दुकानातून टाइल्स घेतल्या तिथं विचारा, तिथं कोणाचा माल परत येते आणि कोणाचा नाही हे त्यांना माहीत असते.

आणि खरं सांगायचं तर ७० हजारांतले २०-२५ हजार तुमचे गेले असं धरून चाला.

पोलिसांचं तुम्ही विचारलं. काम अर्धवट सोडणं हा पैशाचा वाद आहे, ठाण्यात गेलात तर बहुतेक समजूत घालून परत पाठवतील. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये पैसे देऊन करून घेतलेलं काम सेवेत धरतात, जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते, कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत. सेवेसाठी दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी पण लागत नाही. पक्कं बिल नाही म्हणून घाबरू नका, यूपीआयची एन्ट्री आणि व्हॉट्सॲपवरचे मेसेज कामाला येतात, म्हणून काही डिलीट करू नका, रागाचे पण नाही. आधी ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर फोन करून विचारून घ्या. पण हे सगळं मुलीचं बाळंतपण झाल्यावर, सवडीनं. आत्ता तुम्हाला न्याय नको, ओटा पाहिजे.

तर आज रात्री टाकीची खूण. कुलरची पाइप विसरू नका. सकाळी काय निघालं ते लिहून ठेवा आणि मगच मिस्त्रीला फोन लावा, त्याच्या आधी नाही. आणि हो, इंडक्शनवर पोळ्या नीट फुगत नाहीत ते मला माहीत आहे, मी सव्वा महिना काढला. कोपऱ्यावरच्या पोळी-भाजीवालीला लावून टाका तीन आठवडे, ‘घरात असताना बाहेरचं कशाला’ म्हणणाऱ्याला तो पाट द्या सरकवून.